पहिली दाढ

मंगळवारी सकाळी नऊ वाजता प्रतीक्षाकक्षात चोवीस खुर्च्या होत्या आणि एकोणीस माणसं. सहा फिलिपिनो, त्यांतली चार एकाच घरातली. पाच पंजाबी. तीन इथिओपियन, दोन नायजेरियन, एक सिरियन मुलगी, एक नेपाळी मुलगा. सगळे अठरा ते पस्तीसमधले. गोरं कुणी नव्हतं. एकोणिसावा माणूस कोपऱ्यात पाय पसरून मोबाइलवर हॉकीची मॅच बघत होता, आणि तो वैजयंता रांजणेचा धाकटा भाऊ सुजय होता.

केंद्राचं दार उघडताना वैजयंता रोज अशी मोजदाद करायची. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. भूरसायनशास्त्रात पदवी घेतल्यावर ती कॅनडातल्या थंडर बेच्या या मूळस्थान तपासणी केंद्रात लागली, त्या पहिल्याच दिवसापासून लागलेली ही सवय. चार वर्षांत गोऱ्या माणसांची बेरीज अकरापर्यंत पोचली होती. कायद्यात कातडीच्या रंगाबद्दल अवाक्षर नव्हतं. 'आई-वडील दोघंही देशाबाहेर जन्मलेले' एवढंच होतं, आणि पुढे एक शेपूट होतं, 'किंवा ज्यांच्याविषयी अधिकाऱ्याला रास्त शंका वाटेल ते'.

"तुझा भाऊ तुझ्यापेक्षा देखणा आहे," स्वागताच्या टेबलामागून लोरेन म्हणाली. लोरेन पेलेटिए वैजयंताची वरिष्ठ. पन्नाशीची, जाडजूड वेणीची, इथल्या मूळनिवासी ओजिब्वे जमातीची. तिचे पूर्वज सुपीरियर सरोवराच्या या काठावर कधीपासून आहेत हे सांगायला दात लागत नव्हते.

"देखणा आहे आणि तसं त्याला माहीतही आहे," वैजयंता म्हणाली. "त्याची तपासणी तू कर. नातेवाइकांना मी हात लावायचा नाही, नियम आहे."

"नियम!" लोरेननं चष्मा नाकावर चढवला. "तुमची सगळ्यांची जहाजं आली, तेव्हा आम्ही कुणाचे दात तपासले नाहीत. चुकलंच आमचं."

हा विनोद ती आठवड्यातून एकदा तरी करायची. वैजयंता प्रत्येक वेळी हसायची, आणि हसून झाल्यावर प्रत्येक वेळी तिला थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.

सहा वर्षांपूर्वी देशाची जन्मनोंदणी फुटली होती. कुणी फोडली ते अजून कळलेलं नाही. पण मूळ यादीत सुमारे तीन लाख खोटे जन्म घुसवले गेले, आणि इतक्या सफाईनं, की खरा कोणता आणि खोटा कोणता हे सांगता येईना. इस्पितळाचे कागद, बारशाचे फोटो, शेजाऱ्यांनी काढलेले व्हिडिओ, यांतलं काहीही एखादं यंत्र पाच मिनिटांत बनवून देत होतं. मग सरकारनं असा कागद शोधला, जो मागाहून लिहिता येत नाही. तो माणसाच्या तोंडातच होता.

पहिली कायमची दाढ उगवते सहाव्या वर्षी, पण घडायला लागते जन्माच्या सुमारास. तिसऱ्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तिचा माथा पुरा होतो. त्यावरचं एनॅमल, म्हणजे दाताचं कठीण आवरण, एकदा घडलं की घडलं. हाड झिजतं आणि भरतं, कातडी बदलते. एनॅमलमध्ये जिवंत पेशीच नसतात, त्यामुळे ते जन्मभर तसंच राहतं. त्या तीन वर्षांत बाळाच्या पोटात जे गेलं, त्याची नोंद तिथे कायमची होते.

नोंद करणारा धातू म्हणजे स्ट्रॉन्शियम. तो वागायला इतका कॅल्शियमसारखा आहे, की शरीर फसतं आणि दात बांधताना त्यालाही आत घेतं. तो खडकातून मातीत, मातीतून गवतात, गवतातून दुधात येतो. त्याची एक जड आणि एक हलकं अशी दोन रूपं मोजली, तर त्यांचं प्रमाण प्रत्येक खडकाचं वेगळं निघतं. खडक जितका जुना, तितकं जड रूप जास्त. कॅनडाच्या या भागातला ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. दख्खनचा काळा पाषाण त्याच्यापुढे कालचं पोर, साडेसहा कोटी वर्षांचं.

हल्ली अन्न जगभरातून येतं, मग हे प्रमाण मिसळून जात नाही का? मिसळतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत तर कशाचाच पत्ता लागत नाही. पण तान्ह्या मुलाचा कॅल्शियम बहुतेक सगळा दुधातून येतो, आणि दूध अजूनही जवळच्याच गाईंचं असतं. त्याच्यावरच कायदा उभा होता. थंडर बेच्या मुलांचं प्रमाण ०.७१३० आणि ०.७२१० यांच्यामध्ये पडायचं. लेझरचा सुईसारखा झोत दाढेवर टेकवायचा, केसाच्या जाडीएवढा खड्डा पडायचा, आणि सहा मिनिटांत पडदा हिरवा नाहीतर लाल व्हायचा.

चार वर्षांत ही हिरवी-लाल भाषा केंद्राबाहेर पसरली होती. घरमालक भाडेकरूला विचारायचे, दाढ हिरवी ना? शाळेच्या मैदानात पोरं एकमेकांना 'तुझा दगड कुठला रे' म्हणून चिडवायची. लग्नाच्या जाहिरातींत उंचीच्या आधी दाढ यायला लागली होती, त्यात आपली माणसंही मागे नव्हती. टोरांटोच्या महाराष्ट्र मंडळात कुणीतरी म्हणालं होतं, पूर्वी हात दाखवून अवलक्षण व्हायचं, आता दात दाखवून होतं.

वैजयंताची स्वतःची दाढ नोकरीवर रुजू होताना तपासली होती. ०.७१७१. स्वच्छ हिरवी.

सुजय खुर्चीत आडवा झाला. येत्या एक तारखेला तो अग्निशमन दलात रुजू होणार होता. शारीरिक चाचणीत तो दोनशे दहा जणांत तिसरा आला होता. एवढी एक पावती जोडली की काम संपलं.

"आ कर. आणखी. आगीत शिरणारा माणूस ना तू?" लोरेन म्हणाली.

सहा मिनिटांनी पडदा लाल झाला.

सुजयनं मान वळवून बघितलं. "काय, कीड लागलीये?"

 लोरेननं यंत्र ओळखीच्या तीन नमुन्यांवर लावून बघितलं, ते बरोबर होतं. सुजयच्या दाढेवर दुसऱ्या बाजूनं झोत टाकला, मग तिसऱ्या. ०.७०७८. ०.७०७७. ०.७०७८. खाली यंत्र आपण होऊन जुळणारा प्रदेश दाखवायचं. पश्चिम भारत, दख्खन.

काचेपलीकडे उभ्या असलेल्या वैजयंताला आकडा वाचायला चष्मा लागला नाही.

"ताई," बाहेर आल्यावर सुजय म्हणाला. तो अजून हसत होता, पण ओठांनीच. "मी इथेच जन्मलो ना गं? तुला आठवतं ना?"

वैजयंता तेव्हा पाच वर्षांची होती. इस्पितळाच्या खिडकीतून बर्फावर दिसलेलं कोल्हं तिला आठवत होतं, बाबांनी यंत्रातून काढून दिलेलं गरम चॉकलेट आठवत होतं. पण पाच वर्षांच्या मुलीची आठवण पुराव्यात धरत नाहीत.

लाल पावतीवर साठ दिवसांची मुदत असते. त्यानंतर देश सोडावा लागतो.

*

आई एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. ती घरी आली, तेव्हा दोघं मुलं टेबलाशी गप्प बसलेली बघून तिनं आधी गॅस बंद आहे का ते बघितलं. मग वैजयंतानं तिला सांगितलं.

"म्हंजे प्वार माझ्या पोटचं न्हाई म्हनतंय का काय ते यंत्र?"

"पोटचं आहे गं. इथं जन्मलं नाही म्हणतंय."

"मग कुठं जल्मलं? त्या तळ्याकाठच्या दवाखान्यात अठरा तास कळा दिल्या त्या कुनी? यंत्राच्या आयशीनं?"

"आई, तुझ्यावर कोण संशय घेतंय?"

"घेत्यातच की! तू तिथंच कामाला हाईस न्हवं? मग सांग त्यास्नी."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. जावळीच्या खोऱ्यातून वेल्डर म्हणून इथल्या बंदरावर आलेला माणूस. असता तर त्यानं आतापर्यंत केंद्राच्या दारात जाऊन गोंधळ घातला असता. आईनं तसं काही केलं नाही. ती पदरानं टेबल पुसत बसली, जे पुसलेलंच होतं.

वैजयंताच्या डोक्यात मात्र दुपारपासून एक गोष्ट घोळत होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं, आईही खोटं बोलत नव्हती. दोन्ही खरं असेल तर मधलं काहीतरी आपल्याला माहीत नाही.

"आई, हा तान्हा असताना काय खायचा?"

"काय खानार? माझं दूध."

"किती महिने?"

"म्हयने कसलं, अडीच वर्सं. तुझ्या वक्ताला मला तीन म्हयन्यांत कामावर जावं लागलं, तू बाटलीवर वाढलीस. ह्याला गाईचं दूध पचायचंच न्हाई. अंगावर गांधी उठायच्या. डाक्टरनं म्हागाचा डबा दिला, तर ह्यो थू करून टाकायचा." आईचा चेहरा बोलता बोलता उजळला. "मग अक्कानं मेढ्यासनं सत्त्व धाडलं. नाचनीला मोड आनून, वाळवून, भाजून, जात्यावर दळल्यालं. येनाऱ्याजानाऱ्याच्या हाती दर म्हयन्याला दोन किलो. सकाळ, दुपार, सांज, तीन टाइम वाटीभर. समदी म्हनायची, काय गुटगुटीत प्वार हाय! अजून धाडती अक्का. त्यो काय डबा."

फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. वैजयंतानं त्यातलं चमचाभर पीठ कागदात बांधून घेतलं.

पेन्सिलनं तिनं तिथेच हिशेब केला. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम नाचणी. धान्यांत इतका कॅल्शियम दुसऱ्या कशातच नाही, त्यातून दोनशे मिलिग्रॅमच्या वर मिळणार. ती नाचणी जावळीच्या काळ्या दगडावर वाढलेली. बाकीचा कॅल्शियम आईच्या दुधातून. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या दुधात तिच्या हाडांचा कॅल्शियम उतरतो, आणि आईची हाडं सव्वीस वर्षं जावळीतल्या मेढ्यात घडलेली. सुजय जन्मला, रांगला, चालला या सरोवराच्या काठावर. त्याची दाढ मात्र कणाकणानं जावळीहून आली होती.

"काय लिवतीस?" आईनं विचारलं. मग मुलीच्या चेहऱ्याकडे बघून तिचा हात थांबला. "माझंच चुकलं व्हय गं?"

"नाही."

"खरं सांग. सत्त्वामुळं झालं?"

सुजय उठला. "आई, मला वाटीभर कर ना ते. गूळ जास्त घालून. खूप दिवस झाले."

आईनं पातेलं काढलं, पण तिचे डोळे वैजयंतावरच होते.

*

पिठाचा आकडा आला ०.७०६९.

"म्हणजे कोडं सुटलं," लोरेन म्हणाली. त्या दोघी नमुन्यांच्या खोलीत डबा खात होत्या. "आता ऐक. दुसरी दाढ तीन ते आठ वर्षांत घडते. तेव्हा दूध पचायला लागलं होतं त्याला?"

"चौथ्या वर्षी. शाळेत चीज खायचा पोतंभर."

"म्हणजे ती हिरवी येणार. चार वर्षांचं मूल बाहेरून आणलं असलं तरी ती हिरवीच येते, म्हणून एरवी आपण ती धरत नाही. पण पहिली दाढ खराब असेल तर दुसरी चालते, कलम नऊ. पहिलीत मोठं सिमेंट भरलेलं होतं, झोत सिमेंटवर पडला, असं मी लिहिते. सही माझी. शुक्रवारी येऊ दे त्याला."

वैजयंता भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

"आभार मान," लोरेन म्हणाली. "मी रोज खोटं लिहीत नाही."

"आभारच मानतेय."

"मग तोंड असं का?"

तोंड तसं होण्याला कारण दाविट होता. दाविट तेस्फाये, एकवीस वर्षांचा, गेल्या मार्चमधला. त्याच्या आईनं खिडकीशी उभं राहून पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, माझ्या मुलानं माझ्या हातचंच खाल्लं, तेफ नावाच्या धान्याची लापशी, माझी बहीण आदिस अबाबाहून पीठ पाठवायची. वैजयंताला वाटलं होतं, बाई घाबरून काहीतरी बरळते आहे. ती मऊ आवाजात म्हणाली होती, "बाई, कागद खोटं बोलतात, दात बोलत नाहीत." मे महिन्यात दाविटला इथिओपियात पाठवलं. तिथली भाषा त्याला मोडकीतोडकी येत होती.

दुपारी तिनं नोंदी काढल्या. चार वर्षांत केंद्रात ९,२०४ तपासण्या. लाल १,३१६. त्यांतल्या ६४२ पावत्यांवर सही वै. सं. रांजणे.

त्यांतले खरोखर बाहेर जन्मलेले किती आणि आयांनी गावचं खाऊ घातलेले किती? स्ट्रॉन्शियमला ते सांगता येत नव्हतं. ऑक्सिजनला येत होतं. स्ट्रॉन्शियम अन्नातून येतं, पण एनॅमलमधला ऑक्सिजन पाण्यातून येतो. आणि पीठ परदेशाहून येतं, रोज प्यायचं पाणी कुणी आणत नाही. त्यातल्या जड ऑक्सिजनचं माप घेतलं, तर सुपीरियर सरोवराचं पाणी उणे नऊच्या आसपास येतं, जावळीचं उणे तीनच्या. आदिसचं, लुधियान्याचं, मनिलाचं, प्रत्येकाचं वेगळं. उकळल्यानं थोडंफार सरकतं, इतकं नाही. ही तपासणी कायद्यात घेतली नव्हती, कारण ती सहा मिनिटांत होत नाही. दाढेचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा दंतवैद्याकडून कापून घ्यावा लागतो, आणि एका तुकड्याला दोन दिवस लागतात.

प्रयोग मात्र सोपा होता. एकाच घरातली, एकाच नळाचं पाणी प्यायलेली दोन भावंडं. एक बाटलीच्या दुधावर वाढलेलं, दुसरं नाचणीवर. स्ट्रॉन्शियम वेगळं आणि ऑक्सिजन एक निघालं, तर कायद्याचा पाया हललाच. अशी जोडी तिच्या घरातच होती.

फक्त त्यासाठी सुजयची पावती लालच राहायला हवी होती. ती एकदा खोटं लिहून हिरवी केली, आणि मग त्याच्याच बहिणीनं यंत्र चुकतं म्हणून अर्ज केला, तर त्या अर्जाची किंमत शून्य.

*

"म्हणजे मी तुझा उंदीर," सुजय म्हणाला.

बंदराच्या धक्क्यावर तो, काइसा आणि वैजयंता बसले होते. काइसा लाहतिनेन सुजयची होणारी बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिचे पणजोबा फिनलंडहून लाकूडतोडीला इथे आले होते. तिच्या हातातल्या पुडीतले तळलेले बटाटे गार होत चालले होते.

"उंदीर नाही. जोडी. त्यात मीही आहे," वैजयंता म्हणाली.

"तुझी दाढ हिरवी आहे, ताई. तुला काय होणार आहे?"

"सह्या माझ्या आहेत. सहाशे बेचाळीस."

"मग त्या सह्यांचं तू बघ ना! मला का ओढतेस? लोरेन शुक्रवारी करून देते म्हणाली ना? एक तारखेला मी गाडीवर असेन. मग कर तुझा अर्ज, मी स्वतः येईन साक्षीला."

"खोट्या पावतीचा साक्षीदार?"

 काइसा मध्ये बोलली. "माझा आतेभाऊ मार्कुस. त्याचे वडील सैन्यात होते. चौथ्या वर्षापर्यंत तो जर्मनीत वाढला, तिथलंच दूध प्यायला. त्याची दाढ लाल येईल ना?"

"बहुतेक."

"त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. खोटं तिथूनच सुरू झालंय, वैजू. आणि तू एका सिमेंटच्या खोट्यावर अडून बसली आहेस? तेही स्वतःच्या भावाच्या वेळी?"

 वैजयंता म्हणाली, "मी जबरदस्ती करू शकत नाही. दाढ त्याची आहे. त्यानं नाही म्हटलं तर शुक्रवारी लोरेन करेल, आणि मी गप्प बसेन."

"बसशील?" सुजयनं विचारलं.

"बसेन."

"बसशील गं. पण मग माझ्याशीही बोलणार नाहीस."

त्यानं पुडीतला एक बटाटा सीगल पक्ष्याकडे भिरकावला. पक्ष्यानं तो हवेतच झेलला.

"त्या सहाशेंतले किती माझ्यासारखे असतील?"

"माहीत नाही. तेच मोजायचंय."

"आणि एकही नाही निघाला तर?"

"तर नाही निघाला. पण तू निघशील, एवढं मला माहीत आहे."

काइसा उठून गाडीकडे गेली. सुजय तिच्यामागे गेला. वैजयंता परत चालत आली, चार किलोमीटर.

शुक्रवारी सकाळी लोरेनचा फोन आला. "तुझा भाऊ आला नाही."

"आजारी आहे का?"

"दंतवैद्याकडे आहे म्हणाला. गाल सुजलाय, नीट बोलता येत नव्हतं. तुला एक निरोप दिलाय. तुझ्या तुकड्याची वेळ दुपारी तीनची घेतली आहे, आणि दुखतं भरपूर."

*

अर्ज न्यायालयात गेला. वैजयंताचा सहीचा अधिकार त्याच दिवशी काढून घेतला. एक तारीख आली आणि अग्निशमन दलातली सुजयची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला मिळाली. साठ दिवस संपायला चार दिवस असताना न्यायालयानं त्याच्या नोटिशीला तात्पुरती स्थगिती दिली. निकालापर्यंत देशात राहायचं, पगारी काम करायचं नाही. लग्न पुढे ढकललं. काइसा घरी येत राहिली, पण वैजयंता घरात असली की अंगणातूनच हाक मारायची.

न्यायाधीशांनी सांगितलं, एक जोडी जुळली तरी तो योगायोग असू शकतो, आणखी आणा.

आणायच्या कुठून? वैजयंतानं लाल पावत्यांच्या पत्त्यांवर पत्रं पाठवली. दोनशे पत्रांना तीन उत्तरं आली, त्यांतली दोन शिव्यांची. जिच्या सहीनं घर मोडलं, तिनं दाढेचा तुकडा मागितल्यावर कोण देणार?

"तू ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "तुला त्यातलं काय कळतंय! मी बगते."

"तू काय बघणार?"

"आयास्नी इचारते. पोरास्नी काय ठावं असतंय, त्यांनी काय खाल्लं ते?"

आईनं रविवारी गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पोळ्या लाटायला बसायचं ठरवलं, पुढच्या रविवारी ती इथिओपियन चर्चमध्ये गेली, त्याच्या पुढच्या रविवारी फिलिपिनो बायकांच्या भिशीत. तिचं इंग्रजी वृद्धाश्रमात जमलेलं, तुटकं आणि मोठ्या आवाजातलं. "बेबी टाइम, व्हॉट यू फीड? मिल्क ऑर होम फ्लोअर? हू सेंड?" आणि कुणी काही विचारायच्या आत स्वतःचं सांगून टाकायची. "माय बॉय रेड. मी फीड नाचनी. माय फॉल्ट, दे से. नॉट माय फॉल्ट!"

बायका आधी हसायच्या. मग एखादी जवळ येऊन बसायची.

आईच्या वहीत नावं जमू लागली. पुढे एका रकान्यात बाळ काय खायचं, दुसऱ्यात पीठ कोण पाठवायचं. तेफ. भाजलेल्या चण्यांचं पीठ. वाळवून कुटलेली बारीक मासळी, काट्यांसकट. तिळाची चटणी. कुणाची मावशी, कुणाची नणंद, कुणाची सासू. ज्यांची मुलं देशाबाहेर पाठवली गेली होती, त्याही आया आल्या. त्यांनी मुलांना तिकडे फोन लावले.

एके संध्याकाळी वही वैजयंतापुढे सरकवून आई म्हणाली, "त्या तेस्फाये बाईला भेटले. लई गुणाची बाई. तुझं नाव काडलं तर उटून गेली. मी म्हनलं, पोरगी माझीच हाय, शिव्या घालायच्या तर मला घाल. मग घातल्या तिनं."

"काय म्हणाली?"

"त्यांच्या भाषेत घातल्या, मला काय कळतंय! पन लई येळ घातल्या. मग च्या दिला."

तुकडे एका लांबच्या विद्यापीठात गेले. डब्यांवर नुसते क्रमांक होते. कोणता तुकडा कुणाचा, हे मोजणाऱ्यांना माहीत नव्हतं. यादी लोरेनच्या कपाटात होती, आणि किल्ली न्यायालयाच्या कारकुनाकडे.

सात महिन्यांनी, गुरुवारी सकाळी साडेदहाला, अकरा जणांसमोर कपाट उघडलं. सुजय आणि काइसा मागच्या बाकावर बसले होते. आई पुढच्या. लोरेन क्रमांक वाचत गेली आणि कारकून नावं लावत गेला.

क्रमांक सात, वैजयंता रांजणे. स्ट्रॉन्शियम ०.७१७१, ऑक्सिजन उणे ८.६.

क्रमांक चव्वेचाळीस, सुजय रांजणे. स्ट्रॉन्शियम ०.७०७८, ऑक्सिजन उणे ८.७.

वैजयंताचा तुकडा सोडून लाल पावत्यांचे एकूण त्र्याऐंशी तुकडे होते. चौसष्ट मुदतीत किंवा स्थगितीवर अजून देशात असलेल्या माणसांचे. त्यांतले पंचेचाळीस सुपीरियर सरोवराच्या पाण्याचे निघाले, एकोणीस निघाले नाहीत. बाकीचे एकोणीस तुकडे परदेशांतून टपालानं आले होते, देशाबाहेर पाठवलेल्या माणसांचे. त्यांतले सतरा सरोवराच्या पाण्याचे होते, आणि त्या सतरांत दाविट तेस्फायेचा होता.